नाव बदला, गाव ठेवा

रसमिय्यानं फोनसमोर पाव धरला आणि मग तो ओट्यावर आपटला. लाकडावर लाकूड पडावं तसा आवाज आला.

"ऐकलंत, उस्ताजा? आठवड्याचा आहे. असे बावीस पडून आहेत."

कैरोतल्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत एतिमाद हसली. रसमिय्या नगा सिद्रा गावातली आरोग्यसेविका. घरोघर फिरून गोळ्या देणारी, बोलायला फटकळ, पण एतिमादला मानानं उस्ताजा, म्हणजे बाईसाहेब, म्हणणारी. तिचा फोन आला की आधी काहीतरी आदळआपट व्हायची, मग मुद्दा यायचा.

"कुणाचे पाव गं?"

"इन्शिराहचे."

एतिमादचं हसू ओठांवरच राहिलं. ते नाव तिनं स्वतः ठेवलेलं होतं.

"इन्शिराह तुमच्या गावात कुणी नाही," ती हळू म्हणाली. "क्षयातून बरी झालेल्या त्या मुलीला मी ते नाव दिलंय. गोष्टीखाली लिहिलंय ना, नाव बदललं आहे म्हणून."

"एक आहे, उस्ताजा," रसमिय्या म्हणाली. "एकच आहे. पाव भाजून विकते. एकोणीस दिवस झाले, तिच्या दारात कुणी पाऊल ठेवलेलं नाही."

एतिमादनं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि लगेच पुन्हा सुलटा केला. रसमिय्या अजून तिथेच होती.

एतिमाद कुठल्याच संस्थेची नोकर नव्हती. आरोग्यासाठी आणि तरुण मुलामुलींसाठी काम करणाऱ्या परदेशी संस्था तिला कामापुरतं बोलवायच्या. ती गावोगाव जायची, मुलींशी बोलायची, आणि परत येऊन त्यांच्या गोष्टी अशा लिहायची, की लंडनमधला माणूस चहाचा कप खाली ठेवून खिशात हात घालील. तिच्या लिहिण्यात रडारड नसायची. तिचं नाव होतं ते त्यामुळेच. नव्यानं या कामात येणाऱ्या मुलामुलींना ती दोनच गोष्टी शिकवायची. नाव बदला, गाव ठेवा. नाव बदललं की माणूस सुरक्षित राहतं. गाव ठेवलं नाही तर गोष्ट हवेत तरंगते, कुणाला खरी वाटत नाही. वीस वर्षांत या नियमानं तिला कधी दगा दिला नव्हता. निदान तिला तसं वाटत आलं होतं, कारण लिहिलेली गोष्ट गावात परत नेऊन वाचून दाखवायची पद्धतच नव्हती. ती कैरोहून लंडनला जायची आणि तिथून जगभर.

या खेपेस जगभर फिरून गोष्ट गावात परत आली होती. कुणाच्या तरी कतारमधल्या भावानं ती अरबीतली गोष्ट बायकोच्या फोनवर पाठवली. आपल्या गावाचं नाव वाचून आधी सगळ्यांना कौतुक वाटलं. मग मुलीचं नाव वाचलं. सतरा वर्षांची मुलगी, रक्ताचा खोकला, घरच्यांनी वर्षभर लपवलेलं दुखणं, सहा महिने लपूनछपून घेतलेल्या गोळ्या. रसमिय्यानं सगळं सांगितलं, आणि बायका काय म्हणतात तेही गाळलं नाही. इन्शिराहचा खोकला लंडनला ऐकू गेला म्हणे, आम्ही शेजारी असून बहिऱ्या राहिलो. तिच्या हातचं पीठ आम्ही पोराबाळांना खाऊ घातलं. नाव बदललंय असं खाली लिहिलंय, हे एकीनं दाखवलं, तर दुसरी म्हणाली, चोर कधी लिहितो का मी चोर म्हणून?

"मग तू सांगितलं नाहीस त्यांना? ही ती नव्हे म्हणून?"

"सांगितलं. त्यांनी विचारलं, मग ती कोण ते सांग." रसमिय्यानं पाव पुन्हा ओट्यावर आपटला. "आता मी काय सांगू? तुम्हीच सांगा."

एतिमादला खरी मुलगी आठवली. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती दीड तास बोलली होती, आणि शेवटी एकच मागणं मागितलं होतं, आपलं नाव कुठे येऊ नये. (तिचं नाव इथेही घ्यायचं नाही.) गावातून त्या वर्षी तालुक्याच्या दवाखान्यात गेलेल्या मुली मोजून चार. इन्शिराहवरचा डाग पुसायला गेलं की तो त्या चौघींमध्ये जागा शोधत फिरणार.

तिनं लंडनला फोन लावला. तिथल्या संस्थेतली मुलगी भली होती, खरंच हादरली. तासाभरात गोष्ट काढून टाकली, माफीचं पत्र पाठवते म्हणाली. पण कुणाला पाठवू, असं तिनं विचारलं तेव्हा एतिमादला पत्ता सांगता येईना. गोष्ट तर आता गावातल्या प्रत्येक फोनमध्ये होती.

तिच्या मनाला एकच धागा धरून ठेवत होता: हे नाव तिनं वाईट बुद्धीनं निवडलेलं नव्हतं. रोज पहाटेच्या नमाजानंतर ती कुराणातला एक लहानसा अध्याय अकरा वेळा म्हणायची, आणि त्याच अध्यायाचं ते नाव. गोष्ट लिहिताना पहाट होती, माळ हातात होती, आणि नाव आपसूक जिभेवर आलं होतं. देवानंच सुचवलं, असं वाटून तिला तेव्हा बरंही वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी ती गाडीतून उतरली, आणि रसमिय्या तिला तीनचाकी रिक्षातून गावात घेऊन आली. बोरींची झाडं, उसाच्या पाचटाचा वास, भिंतींवर हजला जाऊन आलेल्यांनी रंगवलेली जहाजं. गल्लीच्या तोंडाशी मातीच्या ओट्यावर उम्म अय्याद नावाची म्हातारी बसली होती. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी काय शिजलं, याची खबर तिच्यावरून पुढे जायची. तिनं पाहुणीला चहा पुढे केला.

"आज नको, आई. गुरुवारी उपास असतो माझा."

"रमजान तर झाला की."

"नवस आहे. मुलगा लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हा बोलले होते. बावीस वर्षं झाली."

"एकदाही मोडला नाहीस?"

"नाही."

उम्म अय्यादनं दोन्ही हात डोळ्यांना लावले आणि चहाचा पेला मागे घेतला. "माझ्यासाठीही मागणं कर हो बाई. उपासाच्या तोंडचं ऐकलं जातं." मग पाहुणी कुणाच्या दाराकडे वळली ते तिनं पाहिलं, आणि तिची मान तिथेच थांबली. समोरच्या दोन खिडक्यांतही कुणीतरी येऊन उभं राहिलं.

दार उघडंच होतं. अंगणात ऊन पडलं होतं आणि उन्हात मातीच्या थाळ्यांवर पिठाचे गोळे फुगत ठेवलेले. या भागात शम्सी पाव असाच करतात. ऊन त्याला वर आणतं, मग तो भट्टीत जातो. थाळ्या सहाच होत्या. भिंतीशी मात्र चाळीस तरी रिकाम्या थाळ्या एकात एक घालून ठेवलेल्या दिसल्या. भट्टीतून निघालेले चार पाव टोपलीत होते.

इन्शिराह विशीची असेल. तिनं पिठाचे हात परातीवर झटकले, पाहुणीला बसायला चटई टाकली आणि स्वतः उभी राहिली. आत तिची आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. ती उठली नाही.

रसमिय्यानं ओळख करून द्यायला तोंड उघडलं, पण एतिमादनंच सुरुवात केली. गाडीत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी वाक्यं चांगली होती, पण पहिल्या दोनांनंतर एकही आठवेना. चूक माझी आहे, ती म्हणाली. नाव मी लिहिलं.

"मला माहीत आहे," इन्शिराह म्हणाली.

"कुणी घेत नाही, तरी रोज भाजतेस?"

"नाही भाजलं तर म्हणतील, पडली बघा अंथरुणात."

तालुक्याला नेऊन छातीचा फोटो काढला होता, तो स्वच्छ आला, कागद दारावर लावला, असं रसमिय्यानं सांगितलं. लोक म्हणाले, कागद काय, पैसे टाकले की मिळतो. इन्शिराह ते ऐकत एका थाळीवरची माशी हाकत राहिली. मग म्हणाली,

"ती कोण आहे ते मला ठाऊक आहे."

अंगणातल्या दोघीही तिच्याकडे बघत राहिल्या.

"गोळ्या घ्यायला जायची तेव्हा माझ्या घरामागच्या वाटेनं जायची. मी पाव द्यायची तिला, रिकाम्या पोटी गोळी लागते म्हणून. पुढच्या महिन्यात लग्न आहे तिचं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? माझा पाव घ्या, तिचं लग्न मोडा, असं?" तिनं माशी पुन्हा हाकली. "जाऊ दे. मला एक वेगळंच विचारायचंय तुम्हाला. तुम्ही मला ओळखलं नाही ना?"

एतिमादनं तिच्याकडे नीट पाहिलं. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया, पुढच्या दातांतली फट. चेहरा ओळखीचा वाटेना.

"हिवाळ्यात आला होतात तेव्हाही गुरुवारच होता. चहा घेतला नाहीत. मी रिक्षापर्यंत धावत आले आणि पाव दिला फडक्यात बांधून, संध्याकाळी गाडीत उपास सोडायला."

पाव आठवला. रिक्षा सुटता सुटता कुणीतरी बाजूनं आत दिलेला. मांडीवर धरला तर झग्यातून ऊब लागलेली. सूर्य बुडाल्यावर गाडीत तिनं तो खजुराबरोबर खाल्ला होता आणि इतका गोड घास कधी खाल्ला नाही, असं मनात म्हणाली होती. देणारा हात आठवला, पण देणारीचं तोंड आठवेना.

"तुम्ही माझं नाव विचारलंत. मी सांगितलं, तर खूश झालात. म्हणालात, मी रोज पहाटे अकरा वेळा म्हणते ते हे नाव. मी म्हटलं, मग माझंही नाव घ्या त्यात, मागणं मागताना. तुम्ही म्हणालात, घेईन. रोज घेईन."

रसमिय्यानं खाली बघितलं.

"गोष्ट वाचली तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू?" इन्शिराहचा आवाज चढला नव्हता. "वाटलं, उस्ताजांनी आठवण ठेवली. एवढ्या मोठ्या बाई, आणि आपलं नाव ठेवलं लक्षात. मग बाकीचं वाचलं."

ऊन थोडं सरकलं होतं. इन्शिराहनं एक थाळी उचलून उन्हात आणली.

"घेतलंत का? मागण्यात?"

पहाटेचं कुठलंच म्हणणं एतिमादकडून कधी चुकलं नव्हतं. अकरा म्हणजे अकरा, तेहतीस म्हणजे तेहतीस. प्रवासात, तापात, नवरा गेला त्या सकाळीही. आकडे चुकू नयेत म्हणून माळेला लाल दोरा बांधलेला होता. त्या सगळ्या पहाटांमधून तिनं हात घालून चाचपलं. नाव होतं. ती मुलगी कुठेच नव्हती. शब्द ठेवून घेतला होता आणि माणूस गाडीत बसायच्या आधीच सांडलं होतं. आणि पुढे तोच शब्द जिभेवर आला तेव्हा, देवानं दिला म्हणून तिनं त्याचे आभारही मानले होते.

"नाही," ती म्हणाली.

इन्शिराहनं मान हलवली. तिला बहुतेक तेवढंच हवं होतं. ती भट्टीकडे वळली.

एतिमाद उठली. टोपलीतला एक पाव घेतला आणि दाराबाहेर जाऊन उंबऱ्यालगतच्या पायरीवर बसली. मागून रसमिय्यानं, उस्ताजा, अहो, असं काहीतरी म्हटलं. दुपारची बांग अजून व्हायची होती. ऊन डोक्यावर होतं आणि गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी. समोरच्या खिडक्यांतली माणसं हलली नाहीत.

तिनं पाव दोन्ही हातांनी मोडला. आतून वाफ आली. देवाचं नाव घेतलं, आणि घास तोंडात घातला. तोंड कोरडं होतं. चावायला वेळ लागला. तिनं पाव मांडीवर टेकवून धरला.

ओट्यावरून उम्म अय्याद उठली. काठी टेकत चार पावलं पुढे आली आणि थांबली.

"अगं बाई, आज गुरुवार आहे."

"हो, आई."

"नवस आहे म्हणालीस ना?"

"होता."

म्हातारी तिच्या हातातल्या पावाकडे बघत राहिली, मग दाराकडे, मग पुन्हा पावाकडे. बोलली तेव्हा आवाज खाली आला होता, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसा.

"नवस मोडला की दहा गरजवंतांना जेवू घालावं लागतं. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे." एतिमादनं दुसरा घास तोडला. "तुमच्या गल्लीत दहा निघतील?"

म्हातारीनं काठीवरचा हात बदलला.

एतिमादनं मागे न वळता हाक मारली, "इन्शिराह, पीठ किती आहे गं?"

आतून भिंतीशी एकात एक घातलेल्या थाळ्या सुट्या करायचा आवाज यायला लागला.