सात नंबरची खोली

बाबा तिसऱ्या मजल्यावर सात नंबरच्या खोलीत होते आणि मी, हॉस्पिटलची नेटवर्क इंजिनिअर, तळमजल्यावर कॉम्प्युटरपुढे बसून त्याच वॉर्डाच्या नेटवर्क-स्विचशी झटापट करत होते. सकाळपासून जिवाला चैन नव्हतं. छातीत दुखतंय हे त्यांनी दोन दिवस लपवलं, त्याचा रागही डोक्यात होता.

काम किरकोळ. वॉर्डात औषधं देणारं नवं यंत्र नेटवर्कला जोडायचं होतं. एकाच स्विचवर आम्ही वेगवेगळे व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचे कप्पे, ठेवतो: ऑफिसचा दहा नंबर, हृदयाच्या मॉनिटरांचा वीस. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर जात नाही. पोर्टांची यादी पाहिली, रिकामा चौदावा पोर्ट नव्या तीस नंबरमध्ये टाकला. राहिली खाली येणारी मुख्य लाइन. तिच्यावरून जाऊ द्यायच्या नंबरांच्या जुन्या यादीत तीस 'जोड' असं सांगायचं असतं. घाईत मी नुसतं 'तीस' सांगितलं. स्विच हुकमाचा ताबेदार. त्याने तीस ठेवला आणि बाकीच्यांची वाट बंद केली.

त्याच लाइनवरून स्विचशी बोलणारा माझा स्क्रीनही जागच्या जागी थिजला. लगेच फोन.

"मॅडम, माझ्या टेबलावरचे आठही पेशंटचे आकडे गेले! मी एकटी कुठे कुठे धावू?" सिस्टर ओरडत होत्या.

 खाटेजवळचे मॉनिटर चालू असणार, पण खोल्या आठ आणि सिस्टर एक. बाबांचे ठोके चुकले तर कळणार कुणाला?

लिफ्टसाठी थांबायला धीर नव्हता. जिना चढताना स्वतःला लाखोली वाहिली. बदल सेव्ह केला नव्हता, एवढंच नशीब. वॉर्डाबाहेरचं कपाट उघडून स्विचची विजेची वायर उपटली, परत खोचली. जुनी मांडणी घेऊन उठायला त्याला चार मिनिटं लागतात.

सिस्टर एक नंबरच्या खोलीपासून पेशंट बघत निघाल्या होत्या. मी सात नंबरमध्ये शिरले आणि बाबांचं मनगट धरलं.

"काय गं, समोर आकडे दिसतायत की."

"तुम्ही गप्प पडून राहा."

मी ठोके मोजत होते, चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. अखेर बाहेरून हाक आली, "आले आकडे!" पाठोपाठ सिस्टर दारात, घामाघूम. "लाइन गेली होती का हो?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. बाबा माझ्याकडेच बघत होते.

"नाही सिस्टर. माझ्या हातून चूक झाली."

सिस्टर जे बोलायचं ते बोलल्या आणि गेल्या. 

"खरं सांगायला मला दोन दिवस लागले," बाबा हळूच म्हणाले आणि मनगट माझ्या हातातच राहू दिलं.