रविवारच्या फोनची चटई

मी चटई. केवड्याची. बसू देणं हे माझं काम, बोलणं नव्हे. पण ज्या घरात येताजाता भाषणं होतात, तिथे पडून पडून चटईलाही कंठ फुटतो.

माझा जन्म सावाई बेटावरचा. या घरची सून तिरेसा, तिच्या आईने मला विणलं. पानांच्या कडेचे काटे काढताना तिची बोटं सोलवटली. पानं उन्हात वाळली, मऊ झाली, आणि मग बायकांच्या गप्पा ऐकत मी वीतवीत वाढले. कोणाची सून उशिरा उठते, कोणाच्या नवऱ्याला घरात चैन पडत नाही, हे सगळं माझ्या विणीत गेलेलं आहे. तिरेसाचं लग्न अमेरिकेच्या ताब्यातल्या तुतुइला बेटावरच्या एलिआशी झालं, तेव्हा मीही तिच्याबरोबर बोटीतून इकडे आले. दोघी नव्या, दोघी गप्प. नव्या सुनेची जागा घराच्या मागच्या बाजूला, चुलीकडच्या खांबापाशी. मलाही तिथेच पसरलं.

आम्ही यायला आणि एलिआची धाकटी बहीण फुआतिनो सैन्यात जायला एकच गाठ पडली. इथे पोरं अमेरिकेच्या सैन्यात जातात याचं कोणाला नवल नाही. घराला भिंती नसतात, म्हणून गणवेशातले फोटो खांबांना लटकतात, एवढंच.

पोचल्यावर तिचा पहिला फोन आला तो कागदावरचं वाचून दाखवल्यासारखा. "मी सुखरूप पोचले. खाण्याचं काही पाठवू नका. पत्ता नंतर कळवीन. ठेवते."

सिनिवा, तिची आई, हातातल्या फोनकडे बघतच राहिली. "खाण्याचं पाठवू नका? ही माझी पोरगी बोलली?"

"आई, समोर साहेब उभा असतो," एलिआ म्हणाला. "सगळ्यांना तेच बोलायला लावतात."

"मग त्या साहेबाला कोणी आई आहे की नाही?"

त्यानंतर कळलं की सैन्याचं शिक्षण घेणाऱ्यांना रविवारी काही मिनिटं फोन हातात मिळतो. तोही साहेबाची मर्जी असेल तर. झालं, आमच्या घरी रविवार हा देवाचा आणि फोनचा असा वाटून घेतला गेला. फोनला आवाज नीट मिळायचा तो नेमका चुलीकडच्या खांबापाशी, म्हणजे माझ्यावर. शनिवारी मला झटकून उन्हात टाकायचं. फोन पुसून रात्रभर विजेला लावायचा. रविवारी उजाडायच्या आत उमूचे, म्हणजे अंगणातल्या भट्टीचे, दगड तापवायचे, अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधून, नीरफणस आणि कंद घालून वर केळीची पानं झाकायची, आणि धुराने डोळे चुरचुरत असतानाच प्रार्थनेचे पांढरे कपडे चढवून माझ्याभोवती बसायचं. फोनवर दिसणार तर कोणीच नाही, पण केस विंचरून, तेल लावून. एलिआचं काम कोंबडे हाकायचं.

या सगळ्यात सिनिवा दमून गेलेली असे. ती बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून कुप्याचे काटे काढते. घरी आली की माझ्यावर बसते आणि सुजलेले पाय पुढे करते. तो वास आता माझ्यातून जाणार नाही. मी तक्रार करत नाही. तिनेही कधी केलेली ऐकली नाही.

पहिल्या खऱ्या फोनची मात्र आम्ही माती केली.

सिनिवाचे वडील पेनिआमिना, म्हणजे पोरांचे आजोबा, हे गावाचे वक्ते. लग्न असो, मयत असो, पाहुणा असो, गावाच्या वतीने तेच बोलणार. शेजारचे त्यांचे चुलतभाऊ सोलोमोना, तेही वक्ते. आता दोन वक्ते एका ठिकाणी बसले की आधी कोणी बोलायचं हे ठरावं लागतं, आणि ते ठरवायची आमच्याकडे रीत आहे. प्रत्येकाने दुसऱ्याला मान द्यायचा, दुसऱ्याने तो परत करायचा. एकाने शेवटी मान सोडला की दुसऱ्याने बोलायचं.

फोन वाजला. फुआतिनो "हॅलो" म्हणाली.

"सोलोमोना, तुमच्या घराण्याचा मान मोठा. आपण बोलावं."

"छे छे, पोरगी तुमची, पहाट तुमची. आपणच बोलावं."

"समुद्राकडून आलेला शब्द आधी. आपण."

"डोंगरावरून उतरलेला शब्द आधी. आपण."

सिनिवा हात चोळत बसली होती. वडिलांच्या बोलण्यात बोलायचं कसं? दोघे म्हातारे रंगात आले होते. शेवटी सोलोमोनांनी मान सोडला, आजोबांनी घसा खाकरला, आणि फोनमधून बारीक आवाज आला, "आई, मला एक सांगायचंय..." आणि फोन बंद.

"काय सांगायचं होतं तिला?" सिनिवाने विचारलं.

तो आठवडा मी विसरणार नाही. सिनिवा रोज माझ्यावर बसून तेच बोले. खालच्या आळीतला एक पोरगा सैन्यातलं शिक्षण अर्धवट टाकून परत आला होता. विमानतळावर बापाने त्याची पिशवी उचलली, पण तोंडाकडे बघितलं नाही. "तिला परत यायचं असेल," सिनिवा म्हणे. "येऊ दे की. पण मला विचारता तर येऊ दे! आणि राहायचं असेल तर राहा म्हणता येऊ दे."

"आजोबांना सांगा ना, या खेपेला तुम्ही बोलू नका म्हणून," तिरेसा म्हणाली.

"मी सांगू? तूच सांग. नवीन सुनेला सगळं माफ असतं."

"कोणी सांगितलं तुम्हाला?" तिरेसा म्हणाली, पण उठली.

शनिवारी दुपारी कोकोचा पेला आजोबांपुढे ठेवून ती खाली मान घालून बसली. "आजोबा, उद्या फोनवर बोलायचा मान तुम्ही आईंना द्यावा."

आजोबांनी कोको फुंकला. "मान असा तुझ्या हाती मागवायचा असतो? तिला येऊ दे. रीतीने मागू दे."

सिनिवा कारखान्यातून नुकतीच आली होती. अंगावरचे खवलेही धुतले नव्हते. ती बापासमोर मांडी घालून बसली. "बाबा, आपण बोलावं," ती म्हणाली, कारण सुरुवात तशीच करावी लागते.

"नाही, आपण बोलावं," आजोबा म्हणाले. गंमत बघा, एवढ्यावर हो म्हणून मोकळं व्हावं ना? पण तसा घेतला तर तो मान कसला! तिने परत केला, त्यांनी परत दिला. डोंगर झाला, समुद्र झाला, पणजोबांची होडी झाली. सिनिवाला डुलक्या येत होत्या. मध्येच ती म्हणाली, "बाबा, माझे पाय दुखतायत हो."

"हे रीतीत नाही," आजोबा म्हणाले. मग वक्त्याची खूण असलेली खांद्यावरची काथ्याची चवरी काढून तिच्या मांडीवर ठेवली. "घरातली गोष्ट आहे, गावाची नाही. उद्या तू बोल. मी तोंड उघडणार नाही."

रविवारी फोन वाजला. सिनिवाने दोन्ही हातांनी धरला. "बोल गं बाय. सगळा वेळ तुझा. बोल."

"आई, आजोबा कुठायत?" तिकडून आलं.

"इथेच."

"मग आवाज का नाही? आई, खरं सांग. आजोबा गेले का?"

"अगं नाही! समोर बसलेत, ओठ मिटून. तुला बोलता यावं म्हणून."

पोरीने श्वास सोडला तो मला माझ्या विणीत जाणवला. "मला काय बोलायचंय? मागच्या वेळी मी तेच सांगत होते, फोन तसाच चटईवर ठेव, त्यांचं चालू दे. इथे माझं आडनाव ओरडतात, तेही चुकीचं. दिवसभर. आजोबा बोलले की मी कोण ते मला आठवतं."

"तुला घरी यायचंय का?" सिनिवाने विचारलंच.

"रोज वाटतं. उठल्यावर तर फार वाटतं. ते राहू दे आता. वेळ जातोय. आजोबांना बोलायला सांग."

सगळे आजोबांकडे बघायला लागले. त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी नकाराची मान हलवली. चवरीकडे बोट दाखवलं. दिलेला मान परत घेता येत नाही.

"बाबा, एवढ्यापुरतं..."

त्यांनी पुन्हा तेच बोट दाखवलं.

मग सिनिवाने चवरी खांद्यावर टाकली. चुलीपाशी बसून जन्मभर पाठीमागून ऐकलेले शब्द ती शोधू लागली. डोंगराचं नाव घेतलं. झऱ्याचं घेतलं. पणजोबांच्या होडीचं नाव चुकलं, तिने ते परत घेतलं, परत चुकलं. आवाज कारखान्यात हाका मारून बसलेला, घोगरा. "...आणि त्या घरातली तू, फुआतिनो," ती म्हणाली, "मासे साफ करणाऱ्या बाईची लेक..." हे काही रीतीच्या भाषणात नसतं.

"मालिए!" आजोबा म्हणाले. छान बोललात, असं ऐकणारा म्हणतो ते. ऐकणाऱ्याला तेवढी मुभा आहे.

"मालिए," फोनमधून आलं. आणि फोन बंद झाला.

एलिआ उठायला गेला. आजोबांनी त्याचा हात धरून खाली बसवला. सिनिवा थांबली नव्हती. भाषण अर्धवट ठेवत नाहीत. तिने ते बंद फोनसमोर शेवटपर्यंत नेलं. उमूतलं अन्न करपत होतं तरी कोणी उठलं नाही.

त्याला आता बरेच रविवार झाले. फुआतिनो तिकडेच आहे. रोज परत यावंसं वाटतं आणि रोज राहते, असं म्हणते. फोन कधी येतो, कधी येत नाही. नाही आला तरी सिनिवा बोलते. माझा मधला भाग आता पातळ झालाय, दोन ठिकाणी वीण सुटली आहे. तिरेसा परवा म्हणाली, "आई, नवीन चटई टाकू या."

सिनिवा म्हणाली, "उद्या बघू. आज पाय दुखतायत," आणि माझ्यावरच आडवी झाली. तिला कोणी उठवू नका. मी अजून तेवढा भार घेते.