वळणाआधीची हाक

तिने चौथा स्क्रू वाटीत टाकला, कॉम्प्युटरचा पत्रा बाजूला सरकवला आणि मोजायला सुरुवात केली. पंखे पाच, त्यांपैकी फिरणारे चार. मेमरीच्या पट्ट्या दोन. ग्राफिक्स कार्ड एक, स्वतःच्या वजनाने किंचित झुकलेलं, आणि त्याच्याखाली टेकू म्हणून दादाने सरकवलेलं खोडरबर. बटणाएवढा सेल एक, बहुधा मेलेला. आईच्या स्वेटरचं पिवळं बटण एक. कोळी एक, जिवंत.

"धूळ सोडून आणि कोळी धरून बारा," ती म्हणाली.

"त्या कोळ्याला बाहेर सोड आणि पुढे चल," आई म्हणाली. "पाचला शर्यत आहे."

"आत्ता कुठे अकरा वाजलेत."

"दादासुद्धा असंच म्हणायचा. मग संध्याकाळी जेवायला हाक मारली, की स्क्रीन काळी आणि हा त्याहून काळा."

आई खिडकीपाशी बसून एक भिंग पुसत होती. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि रविवारीसुद्धा तिच्या हातात एखादं असायचंच. हे मात्र पुसून कधीच झालं होतं.

कॉम्प्युटर दादाने कॉलेजात असताना स्वतः जोडला होता, खास गेम खेळण्यासाठी. नोकरी लागून तो दूर गेला तेव्हा "हा आता तुझा" असं आईला सांगून गेला, आणि आईने ते मनावर घेतलं. तो घरात असल्यापासूनच ती त्यावर रॅली खेळायची. डोंगरातले रस्ते, गाडी एक, माणसं दोन. आई चालवायची. शेजारच्या सीटवर, म्हणजे प्रत्यक्षात दुसऱ्या शहरातल्या आपल्या घरी, हेडफोन लावून आत्या बसायची. बाबांची मोठी बहीण. रस्त्याच्या सूचनांचं पुस्तक तिच्या स्क्रीनवर असायचं आणि ती वाचायची: डावं, तीव्र. उजवं, मोकळं. खड्डा, सांभाळ. जोड्यांच्या साखळी स्पर्धेचा आज शेवटचा टप्पा होता, धुक्यातला. धुक्यात गाडीच्या नाकापुढचं काही दिसत नाही. शेजारी बसलेल्याने हाक दिली की त्याच क्षणी चाक फिरवायचं, एवढंच हातात असतं.

सोमवारी गेमची नवी आवृत्ती आली आणि तिने आईच्या कॉम्प्युटरवर सुरू व्हायला नकार दिला. सुरक्षेची एक सोय या कॉम्प्युटरच्या फर्मवेअरमध्ये नाही, म्हणजे मदरबोर्डच्या चिपमध्ये जो मूळ प्रोग्रॅम असतो तो जुना आहे, असं तिचं म्हणणं. तो बदलला तर ती सोय मिळणार होती. बदलताना मध्येच वीज गेली तर मात्र कॉम्प्युटरचा नुसता डबा उरणार होता. मुलगी पदार्थविज्ञानात पदवी घेऊन नुकतीच घरी आली होती, त्यामुळे हे काम आपोआप तिच्याकडे आलं.

तिने धूळ ब्रशने काढली, सेल बदलला, खोडरबर होतं तिथेच ठेवलं. तेवढ्यात आईचा फोन वाजला.

"काय वहिनी, तुझ्या त्या पेटाऱ्याचं काय झालं?" आत्याचा आवाज स्पीकरशिवायही खोलीभर ऐकू यायचा.

"चिरफाड चालू आहे, वन्सं."

"पाचपर्यंत नाही उठला तर सांग हो. पुढच्या हंगामाच्या जोड्या आजच नोंदवायच्यात. त्या दंतवैद्याचा परत निरोप आलाय, माझ्या गाडीत बसा म्हणून. कालच नवीन कॉम्प्युटर घेतलाय म्हणे, भिंतीएवढी स्क्रीन."

"मग जा ना त्याच्याकडे. कवळी तरी लवकर मिळेल."

"तुझ्या गाडीत बसून अर्धे दात हललेतच माझे!"

"गेम देतो ती तुमची श्रेणी बघा आधी, मग माझ्या गाडीला नावं ठेवा. प्रत्येक टप्प्याला 'क'. सूचना वेळेआधी, सूचना वेळेआधी. कसली एवढी घाई असते?"

"वय झालं बाई. उरकून टाकावंसं वाटतं," आत्या म्हणाली आणि दोघी हसल्या.

फोन ठेवल्यावर आई हसायची थांबली. तिने भिंग उजेडात धरलं, पलीकडचं पाहिलं, आणि परत पुसायला घेतलं.

"ती जाईल का गं त्याच्याकडे?" तिने विचारलं.

"जाईल असं वाटतं तुला?"

"का नाही जाणार? मी असते तर गेले असते."

मुलीने मदरबोर्ड बनवणाऱ्यांच्या साइटवरून फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर घातली, नाव सांगितलं होतं तसं बदललं आणि अक्षर न् अक्षर तपासलं. मग ती बाबांकडे गेली. बाबांचा एक हात किटलीच्या बटणाकडे चालला होता.

"बाबा, वीस मिनिटं किटली नाही, इस्त्री नाही, हीटर नाही. फ्यूज उडाला तर आई आपल्याला उडवेल."

"चहा?"

"चहाही नाही."

बाबा किटलीची वायर हातात धरून दारात येऊन उभे राहिले, पुरावा म्हणून. "फर्मवेअरनंतर ड्रायव्हरही बदलणार म्हणतेस. म्हणजे तुझ्या आईला काढणार?"

"तुम्ही गप्प उभे राहा," आई म्हणाली.

निळ्या स्क्रीनवर एक पट्टी सरकू लागली. पट्टी भरली, कॉम्प्युटर आपणहून बंद झाला, पंखे थांबले. मग फिरले. मग पुन्हा थांबले. स्क्रीन काळीच.

"हे असंच असतं?" आईने विचारलं.

"असंच असतं. मेमरी पुन्हा ओळखून घेतो तो."

हे तिने वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. ती उभ्या उभ्या पंख्यांचा आवाज ऐकत राहिली. आईच्या हातातलं भिंग थांबलं. बाबांनी वायरचा पीळ एकदा उलगडला आणि परत घातला. स्क्रीन उजळली तेव्हा कोपऱ्यातली तारीख आठ वर्षांपूर्वीची होती.

"याच्या मते दादा अजून कॉलेजात आहे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा उंच लागला.

"मग त्याला दूध आणायला पाठव," बाबा म्हणाले आणि किटली लावायला गेले.

पुढचं सोपं होतं. तारीख दुरुस्त केली, सुरक्षेची ती सोय चालू केली आणि एकेक ड्रायव्हर घेतला. प्रत्येक भागाशी बोलायला कॉम्प्युटरला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, तो. ग्राफिक्सचा नवा, नेटवर्कचा नवा, आवाजाचा नवा. आवाजाच्या जुन्या ड्रायव्हरबरोबर दादाने जाण्यापूर्वी गोंगाट गाळणारी एक चाळणी बसवली होती, तीही निघाली. गेम निमूटपणे सुरू झाला. आईने मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला. तिच्याकडे तो शाबासकीसाठीच असायचा.

तीन वाजता दोघी सरावाला बसल्या.

"डावं, तीव्र," आत्या म्हणाली.

आईने चाक फिरवलं. गाडी डावीकडे वळली आणि कुंपण तोडून थेट कोबीच्या शेतात गेली. वळण अजून पुढेच होतं.

"वहिनी, भाजी आणायला निघालीस का?"

"तुम्हीच डावं म्हणालात!"

पुन्हा केलं, पुन्हा शेत. तिसऱ्यांदा उजवं वळण होतं, म्हणून शेताऐवजी ओढा. आत्याच्या दारावर कोणीतरी आलं. ती गाणाऱ्यांना साथ करायची आणि तालमीला माणसं तिच्या घरीच यायची. पाचच्या ठोक्याला बसू, असं म्हणून ती गेली.

आईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"जुनं परत टाक."

"काय?"

"सगळं. होतं तसं कर. धुक्यात आमच्यासारखं कोणी चालवत नव्हतं. आणि आज सगळ्यांसमोर असं झालं, तर ती गेलीच समज."

मुलगी खुर्ची ओढून बसली आणि तिने जुन्या शर्यती उघडल्या. गेम प्रत्येक शर्यत जपून ठेवायचा: गाडी कुठे होती, आणि आत्याचा आवाज नेटवरून नेमका कोणत्या क्षणी येऊन पोचला. पुस्तकात हाक कुठे द्यायची त्याची रेघ असते. पहिल्या हंगामात आत्याची हाक अगदी रेघेवर होती. मग एका शर्यतीत, पहिल्या दोन टप्प्यांपर्यंत रेघेवर, आई प्रत्येक वळणाला उशीर करतेय, आणि तिसऱ्या टप्प्यापासून हाक रेघेच्या आधी. तेव्हापासून आजवर, दर वेळी, जवळपास तेवढीच आधी. त्या शर्यतीची तारीख दादा जायच्या आठवड्यातली होती.

तिने आवाजाचा जुना ड्रायव्हर आणि चाळणी परत बसवली, माइकसमोर टाळी वाजवली आणि हेडफोनमधून ती टाळी यायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर टिपून मोजलं. तीनदा मोजलं.

"आई, इकडे बघ. दादाची चाळणी आवाज गाळून द्यायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेत होती. ताशी नव्वदने जाताना तेवढ्यात गाडी पंधरा मीटर पुढे जाते. इतकी वर्षं तुला हाक उशिरा ऐकू येत होती."

"छे. मला तर वेळेवर यायची."

"हो. कारण आत्या तेवढीच आधी द्यायची."

आई स्क्रीनकडे पाहत राहिली. तिथे नुसत्या दोन रेघा होत्या, एक पुस्तकातली आणि एक आत्याची.

"तिला हे चाळणीबिळणीचं माहीत होतं?"

"कसं असेल? तू प्रत्येक हाकेला 'हं' म्हणतेस ना, ते उशिरा यायचं. तेवढंच ऐकलं असेल तिने."

आईने हेडफोन उचलला. हातातल्या फडक्याने त्याचा माइक पुसला, मग वायर, मग परत माइक.

"मग काय करू?" मुलीने विचारलं. "जुनं ठेवलं तर आज नेहमीसारखं जाईल. नवीन ठेवलं तर दोघींचंही बिघडेल."

"नवीन ठेव."

"हराल."

"ठेव म्हटलं ना."

मुलीने नवा ड्रायव्हर परत बसवला. पाचला दोन मिनिटं असताना आत्या परत आली. आईने घसा साफ केला.

"वन्सं, आज पुस्तकात रेघ आहे तिथेच बोला."

पलीकडे खुर्ची करकरली. "म्हणजे?"

"म्हणजे कॉम्प्युटर सुधारलाय. आता मला वेळेवर ऐकू येतं."

पलीकडे मांडीवर थाप पडली.

"कॉम्प्युटर होता होय!" आत्या म्हणाली. "मला वाटलं तुझे कान गेले. वेडाबाई, सांगायचंस तरी!"

"मला कुठे माहीत होतं? तुम्हाला माहीत होतं, तर तुम्ही सांगायचंत."

"साथीला बसणारीने गाणाऱ्याला 'तू मागे पडतोस' असं सांगितलं, तर पुढच्या वेळी तिला कोण बोलावेल?"

आई हसली नाही. तिने माइक तोंडाजवळ ओढला.

"तुमची श्रेणी घालवलीत त्यात."

"श्रेणीला काय करायचंय? लोणचं घालू? चल, दिवा हिरवा होतोय."

पहिलं वळण आलं. सवयीने आत्या लवकर बोलली, आई मनात एक मोजून वळली, गाडी रस्त्यावर राहिली. दुसरंही तसंच गेलं. तिसऱ्याला आत्या आठवण ठेवून थांबली आणि आईही थांबली. दोघी एकमेकींसाठी एवढ्या थांबल्या, की गाडी सरळ जाऊन गवताच्या गंजीत घुसली.

"अगं वळ ना!"

"तुम्ही बोला ना!"

बाबा कप घेऊन दारात आले, स्क्रीनभर गवत पाहून परत गेले. आईला हसू आवरेना. तिने गाडी मागे घेतली. पाचव्या वळणापासून तिचं मोजणं सुटलं. त्यानंतर फक्त आत्याचा आवाज होता आणि आईचा 'हं', एकामागोमाग.

वीस जोड्यांमध्ये त्या तेराव्या आल्या.

"झालं," आई म्हणाली. "तेरावा नंबर. आता जा त्या दंतवैद्याकडे."

"जाऊन आले की. गेल्या आठवड्यात बसले एकदा त्याच्या गाडीत. चार वळणांत तीनदा शेतात. मला म्हणाला, मॅडम, तुम्ही फार लवकर बोलता."

"मग?"

"मग काय? जोडी सकाळीच नोंदवलीय, तुझी-माझी."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर उत्तर उशिरा आलं असतं."

आई काहीतरी बोलली, आत्या त्याहून मोठ्याने बोलली, आणि मग दोघी एकदमच बोलायला लागल्या. मुलीने पत्रा जागेवर बसवला, चारही स्क्रू आवळले. मग आईच्या खांद्यावरून हात घालून तिने माउस आपल्याकडे घेतला, आजची शर्यत उघडली आणि हाक व रेघ यांतलं अंतर मोजलं.

पहिलं वळण: ०.५९ सेकंद आधी. तिसरं: ०.२७ सेकंद उशिरा. नववं: ०.०८ सेकंद आधी. शेवटचं: ०.०१.