अंगाऱ्याभोवतीचं कडं

दिग्रसहून दारव्ह्याकडे जाताना जी टेकडी लागते, तिच्यावर दर गुरुवारी सकाळी एवढी गर्दी जमायची की जीपवाल्यांनी तिथं थांबाच करून टाकला होता. टेकडीवर देवीलाल महाराजांची धुनी होती. ताप, खोकला, छाती भरणं, सगळ्यावर महाराज अंगाऱ्याची पुडी देत. रुग्णाला तपासण्यासारखी क्षुद्र गोष्ट ते करत नसत. नुसतं पाहत, डोळे मिटत, आणि ताप अंगातून निघून कुठल्या दिशेला जाणार तेही सांगत. बहुतेक वेळा तो तेलंगणाकडे जाई.

"ताप म्हंजे भाडेकरू हाये, बेटा," महाराज म्हणत. "म्या त्याले तीन दिवसांची नोटीस देतो. चौथ्या दिवशी घर खाली!"

नियम दोनच होते. पुडी दुधासोबत घ्यायची नाही, कारण गोमातेला अंगाऱ्याची आच सोसत नाही. आणि ताप उतरला की उरलेल्या पुड्या तुळशीत पुरायच्या. गंमत म्हणजे ताप खरोखरच उतरायचा. भूक लागायची, सांधे हलके व्हायचे. चमत्कार नाही तर दुसरं काय?

विमलताईंचा तर पुरावाच घरात होता. त्यांचे यजमान बापूजी, कापूस-तुरीचे चांगले बागायतदार, वर्षभर खोकत होते. पंधरवड्याला पुडी आणली की आठ दिवस आराम, मग पुन्हा खोकला, पुन्हा पुडी. बापूजींचा चेहरा गोल गरगरीत झाला. गाव म्हणालं, महाराजांचं तेज चढलं.

ते तेज ऐन कापूस वेचणीत उतरलं. बापूजींना थंडी वाजून ताप आला, छातीत कळ निघाली. चार दिवस पुड्या झाल्या. या वेळी भाडेकरू हलेना. पाचव्या दिवशी ओठ निळे पडले तेव्हा घरच्यांनी त्यांना यवतमाळच्या एका खासगी रुग्णालयात आणलं. न्यूमोनिया होता. रक्तातली साखर चारशेवर. घशात नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं.

सुरभी ही बापूजींची पुतणी, त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जंतूंच्या तपासण्या करायची. व्हेंटिलेटरच्या सहाव्या दिवशी बापूजींचा ताप पुन्हा भडकला आणि श्वासनळीतून हिरवट, घट्ट कफ यायला लागला. त्याचा नमुना तिच्याच टेबलावर आला. तिनं तो काचेच्या ताटलीत पसरला आणि वर अँटिबायोटिक औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवल्या. औषध लागू पडत असेल, तर चकतीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल कडं दिसतं. दुसऱ्या दिवशी तिनं ताटली उघडली. कडं एकही नव्हतं. जंतू चकत्यांना खेटून खुशाल वाढले होते.

"या चकत्यांत नसलेलं एकच जुनं औषध उरलंय," अतिदक्षता विभागाचे डॉ. क्षितिज म्हणाले. "ते किडनीला त्रास देतं. पण द्यावंच लागेल. यांना आधी कोणती औषधं चालू होती?"

"काईच नाई," विमलताई म्हणाल्या. "औषधाच्या वाटेले गेलेच नाई ते कधी."

त्या दुपारी भेटीच्या वेळी सुरभीनं पाहिलं, की काकू बापूजींच्या नाकातल्या, अन्न भरवायच्या नळीशी काहीतरी खटपट करताहेत. तिनं हात धरला. मुठीत पुडी होती.

"काकू, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"चिमूटभरच तं हाये वं. जाऊ दे आतमंदी. दूध नाई देल्लं, नियम पाळला म्या."

दूध. सुरभी जागीच थांबली. दुधासोबत घेऊ नये, दुधानं असर कमी होतो, असं सांगून दुकानदार जी औषधं देतात त्यांतली काही तिच्या रोजच्या चकत्यांमध्ये होती. अंगाऱ्याला दुधाचं वावडं असण्याचं कारण काय?

तिनं पुडी प्रयोगशाळेत नेली. साध्या, औषधानं सहज मरणाऱ्या जंतूंच्या ताटलीवर तिनं दोन चकत्या ठेवल्या. एक महाराजांचा अंगारा पाण्यात कालवून, गाळून त्यात भिजवलेली. दुसरी फाटकाबाहेरच्या चहावाल्याच्या शेगडीतल्या राखेत तशीच भिजवलेली. तिसरी, अंगाऱ्याचीच, काकांच्या जंतूंवर.

सकाळी चहावाल्याची राख जशीच्या तशी होती, तिला एकाही जंतूनं भीक घातली नव्हती. महाराजांच्या अंगाऱ्याभोवती मात्र रुपयाएवढं लख्ख कडं होतं. आणि काकांच्या जंतूंवर तोच अंगारा ठार निकामी.

गुरुवारी ती मोबाइलमध्ये ताटल्यांचे फोटो घेऊन टेकडीवर गेली. सोबत विमलताई होत्या. महाराजांचा अपमान होऊ नये म्हणून आल्या होत्या. सुरभीनं पुढच्या रांगेतल्या उकंडा नावाच्या शेतकऱ्याला फोटो दाखवला, या अंगाऱ्यात औषध मिसळलेलं आहे हे सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावलं.

महाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन्ही हात वर केले. "पाह्यलं का बाप्पा! सायन्सनंबी कबूल केलं! माह्या अंगाऱ्यानं जंतू मरते!"

जयजयकार झाला. उकंडानं आणखी दोन पुड्या मागितल्या. विज्ञानाचा इतका जलद उपयोग सुरभीनं आजवर पाहिला नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "मग आता सगळ्यांसमोर या धुनीतलीच चिमूटभर राख द्या. तिची चकती ठेवते. तिच्याभोवतीही कडं आलं, तर मी स्वतः रांगेत उभी राहीन."

"कच्ची राख चालत नाई, बेटी. आतमंदी मंत्र लागते तिले."

"मंत्र इथंच म्हणा."

"तो गुप्त मंत्र हाये."

विमलताई उठल्या. "वर्षभर म्या ह्या हातानं त्यायले पुड्या चारल्या, महाराज. तो मंत्र कसा दिसते, पाहू द्या मले."

कोणी अडवायच्या आत त्या पडदा सारून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात खलबत्ता होता, तळाशी गुलाबी-पांढरी भुकटी. पदरात गोळ्यांची रिकामी पाकिटं, ओंजळीनं भरून. सोबत महाराजांच्या स्वतःच्या खोकल्यासाठी यवतमाळच्या एका डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी. महाराज आपल्या अंगाऱ्यावर अवलंबून नव्हते.

सुरभीनं पाकिटं वाचली. एक अँटिबायोटिक, दुसरं स्टेरॉइड.

"स्टेरॉइडनं ताप दबतो, भूक लागते, चेहरा फुगतो," ती म्हणाली. "ते तेज नव्हतं. साखर वाढते, अंगातली लढायची ताकद कमी होते. आणि दुसरं औषध अर्धवट, पुन्हा पुन्हा दिलं की काय होतं? बोंडअळीचं काय झालं, उकंडाभाऊ?"

उकंडा खाली पाहत म्हणाला, "फवारा मारमारून निबर झाली लेकाची. आता मरतच नाई."

"जंतूंचंही तेच. मेले ते मेले, जे निबर होते ते उरले आणि वाढले. व्हेंटिलेटरच्या नळीवाटे छातीत उतरायला त्यांना रस्ता मिळाला. तिथं निबर जंतू रुग्णालयातूनही येतात, सगळा दोष पुडीचा आहे असं मी म्हणत नाही. पण काकांच्या अंगातलं रान पुडीनं त्यांच्यासाठी मोकळं करून ठेवलं होतं."

महाराज घाईनं मौनव्रतात गेले. दिग्रसहून पोलिसांची गाडी आली, तेव्हाही ते मौनातच तिच्यात बसले.

बापूजींना ते जुनं औषध लागू पडलं. दोनदा डायलिसिस करावं लागलं. एकविसाव्या दिवशी घशातली नळी निघाली. आज ते घरी आहेत, पण घरापासून विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसतात. शेजारच्या खाटेवरचे नेमसिंग, तेही टेकडीवरचेच भक्त, त्यांच्यासाठी मात्र कोणतंच औषध उरलं नव्हतं. ते घरी आले नाहीत.

गावात अजून कोणी म्हणतं, की महाराज वाईट असतील, पण गुण तर येत होता. विमलताई त्यांना ओट्यावर बसवून घेतात.

"गुण येत होता, बरोबर हाये. मलेबी वाटे. पण एकदाबी इचारलं नाई म्या, याच्यात काय हाये? देवाले जाब इचारल्यासारखं होईल म्हून भ्याली. तुमी भिऊ नका. पुडी महाराज देवो, दुकानदार देवो, नाई तं डॉक्टर देवो. याच्यात काय हाये, किती दिवस घ्यायचं, कायले घ्यायचं, हे इचारा. जो सांगत नाई, त्याच्या हातचं खाऊ नका."