माझ्या इंजिनाचे नवे हात

मित्रांनो, गडहिंग्लजच्या मिरची बाजारात कधी आलात, तर फाटकाजवळ एक पांढरी पिकअप उभी दिसेल. डाव्या दारावर पोचा आहे, मागच्या फळीवर निळ्या रंगात 'बसवेश्वर प्रसन्न' लिहिलं आहे आणि हौद्यातून मिरचीचा खाट, म्हणजे झणझणीत वास, येतो. ती जुनी गाडी म्हणजे मी. जवळ आलात तर तुम्हाला शिंक येईल. येऊ द्या. माझ्या अंगाला जो वास आहे, तो माझ्या कामाचा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं माझा सांगाडा जोडला गेला, त्यावर इंजिन बसलं, चाकं आली आणि शेवटी पांढरा रंग चढला. माझ्यासारख्या कितीतरी गाड्या रांगेत उभ्या होत्या. कोण कुठं जाणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आले गडहिंग्लजजवळच्या एका गावात, चन्नाप्पा आणि रत्नव्वा यांच्या दारात. रत्नव्वांनी माझ्या कपाळाला विभूती लावली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "बाई गं, आमच्या घरात आलीस. आता आमच्यासंगं ऱ्हा."

मी राहिले. पुष्कळ वर्षं राहिले.

हिवाळ्यात मी मिरचीची पोती वाहिली, उन्हाळ्यात चंदगडच्या डोंगरातून काजूच्या बिया आणल्या. लग्नसराईत माझ्या हौद्यात मोठाली पातेली खणखणत जायची आणि येताना त्यांच्यात उरलेली बुंदी असायची. महापूर आला त्या वर्षी शिरोळ भागातली जनावरं उपाशी होती. तेव्हा आमच्या गावानं ओला चारा गोळा केला आणि तो मी पोचवला. नृसिंहवाडीच्या अलीकडे रस्ता पाण्यात गेला होता. पाण्याच्या कडेला मी उभी राहिले आणि लोकांनी पेंढ्या हातोहात पुढं नेल्या. त्या दिवशी मला कुणी हार घातला नाही, पण एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या बोनेटवरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो.

लोक म्हणायचे, "चन्नाप्पाची गाडी वाटंत थांबत न्हाई." हे ऐकलं की मला फार बरं वाटे. कारण ते खरं होतं, आणि त्यात चन्नाप्पांचा मोठा वाटा होता. ते रोज निघण्याआधी माझं इंजिन सुरू करून डोळे मिटून ऐकत. एवढ्याशा आवाजावरून पट्टा ढिला आहे की पंखा घासतोय, ते सांगत. आसपासच्या गावांतले गाडीवाले आपापल्या गाड्या घेऊन त्यांच्याकडे येत आणि म्हणत, "चन्नाप्पा, जरा कान द्या की."

आता मला काय झालं, ते सांगते.

माझ्या इंजिनात अगदी वरच्या बाजूला, एका झाकणाखाली, लोखंडी दांड्यावर छोटे छोटे हात बसवलेले आहेत. त्यांना रॉकर आर्म म्हणतात. बागेतला सी-सॉ तुम्ही पाहिला असेल. एक टोक वर गेलं की दुसरं खाली येतं. माझे हे हात तसेच हलतात. खालून एक काठी त्यांना ढकलते आणि ते इंजिनाच्या झडपा उघडतात. झडपा उघडल्या की मी श्वास घेते आणि धूर सोडते. हे हात दिवसभर हलतात, म्हणून त्यांना सतत तेल लागतं. ते तेल एका बारीक भोकातून वर येतं.

ते भोक हळूहळू गाळानं बुजत गेलं. हात कोरडे पडले, घासू लागले, झिजू लागले. आणि दिवाळीच्या सुमारास माझ्या झाकणाखाली आवाज सुरू झाला. टिक. टिक. टिक.

मी वाट पाहत होते, की उद्या सकाळी चन्नाप्पा डोळे मिटून ऐकतील आणि लगेच झाकण उघडतील. त्यांनी डोळे मिटले, ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "झकास."

मला काही कळेना. शेजारी उभ्या असलेल्या रत्नव्वा मात्र माझ्याकडे बघत राहिल्या.

"अहो, आवाज येतोय की गाडीचा," त्या म्हणाल्या.

"कसला आवाज?"

"टिक टिक वाजतंय."

"तुझ्या कानात वाजतंय," चन्नाप्पा हसून म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.

पुढं रत्नव्वांनी पुन्हा सांगून पाहिलं. चन्नाप्पा वैतागले. साऱ्या गावाच्या गाड्या ज्यांच्या कानावर चालायच्या, त्यांना घरातूनच कुणी शिकवावं, हे त्यांना रुचलं नाही. रत्नव्वा गप्प झाल्या. पण त्या दिवसापासून एक नवीन गोष्ट घडू लागली. पूर्वी रत्नव्वा जत्रेला किंवा माहेरी जाताना तेवढ्या माझ्यात बसत. आता त्या प्रत्येक खेपेला यायला लागल्या. मागून गाडी आली की चन्नाप्पांच्या दंडाला हलकेच स्पर्श करून म्हणत, "बाजू द्या." बाजारात कुणी हाक मारली की त्याच आधी वळत. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. चन्नाप्पांना ऐकू येणं कमी झालं होतं.

हे इतके दिवस कुणालाच कसं कळलं नाही? मित्रांनो, आमच्या भागात माणसं मुळातच मोठ्यानं बोलतात. समोर बसलेल्याशीही शिवारापलीकडे हाक मारल्यासारखी बोलतात. त्या आवाजात चन्नाप्पांचं निभावून जात होतं.

रत्नव्वा का बोलत नव्हत्या, तेही मी जाणून होते. त्यांचा मुलगा संगमेश कोल्हापूरला शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, नोकरी करतो. तो कधीपासून म्हणत होता, की अप्पांनी आता गाडी विकावी आणि घरी आराम करावा. कान गेल्याचं त्याला कळलं असतं, तर त्यानं दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आणलं असतं. आणि गाडीवाचून चन्नाप्पा घरात कसे बसले असते, हे रत्नव्वांना दिसत होतं.

असा हिवाळा गेला. माझी टिक-टिक आता खट-खट झाली होती. उन्हाळ्यात आम्ही चंदगडहून काजूच्या बिया भरून परत येत होतो. माल भरपूर होता आणि समोर चढ होता. मागून एसटी आली. तिच्यात शाळेची पोरं होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, पण त्या वेळी रत्नव्वा पदराची गाठ सोडून चन्नाप्पांसाठी भाजके शेंगदाणे काढत होत्या. तेवढ्यात माझ्या झाकणाखाली कडाड् झालं. माझा एक झिजलेला हात मोडला होता.

मला श्वास घेता येईना. मी गचके खाल्ले आणि चढावरच बंद पडले. चन्नाप्पांना ते क्षणभर समजलंच नाही. ते ॲक्सिलरेटर दाबत राहिले, आणि मी भरल्या अंगानं मागं घसरू लागले.

"अहो, गाडी बंद पडली! मागं एसटी हाय!" रत्नव्वा किंचाळल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. चन्नाप्पांनीही ब्रेकवर सगळा भार दिला. मी थांबले. एसटीचं नाक माझ्या मागच्या फळीला टेकायचं तेवढं राहिलं होतं. खिडक्यांतून पोरांचे चेहरे माझ्याकडे बघत होते. सगळी सुखरूप होती.

एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला. "ओ पावणं, कवाधरनं हॉर्न मारतोय! कान फुटल्यात काय तुमचं?"

चन्नाप्पा ब्रेकवर पाय रोवून बसून होते. रत्नव्वा खाली उतरून माझ्या चाकाखाली दगड लावत होत्या.

एका ट्रॅक्टरनं मला दोर बांधून गडहिंग्लजला ओढत आणलं. तिथं सयाजी मिस्त्रींचं गॅरेज आहे. सयाजी आणि चन्नाप्पा जुने दोस्त. सयाजींनी माझं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"आरं चन्नाप्पा, हे हात बघ की! पार झिजून गेल्यात. एक तर मोडलाच. किती दिस झालं वाजतीया ही?"

"वाजत न्हवतीच. सकाळपातूर निवांत हुती."

"निवांत? हे असलं इंजान निवांत चालंल व्हय?"

"दिवाळीपास्नं वाजतीया," रत्नव्वा मागून म्हणाल्या.

चन्नाप्पा वळले. "मग सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं की!"

"हळू सांगितलं असशील."

"हळू? मी जल्मात कधी हळू बोललीया?"

सयाजी हसले. पण रत्नव्वांना हसू आलं नाही. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि खरोखरच हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हांस्नी ऐकू येत न्हाई ओ."

"काय म्हणालीस?" चन्नाप्पांनी विचारलं.

सयाजींनी हातातला पाना खाली ठेवला. चन्नाप्पांनी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग रत्नव्वांच्या चेहऱ्याकडं, आणि त्यांना सगळं कळलं. ते माझ्या पायरीवर बसले.

सयाजींनी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी संगमेश कोल्हापूरहून नवे रॉकर आर्म आणि त्यांचा दांडा घेऊन आला. कोल्हापूरच्या भट्ट्यांत गाड्यांचे कितीतरी सुटे भाग ओतले जातात. ते नवे हात हातात घेऊन संगमेशनं उन्हात फिरवून बघितले. त्याला त्यातलं कळत होतं आणि त्याचा त्याला अभिमानही होता. पण सामान ठेवल्यावर तो म्हणाला, "अप्पा, हे शेवटचं. दुरुस्त झाली की इकून टाकू. काल काय झालं असतं, इचार करा."

मी घाबरले. रत्नव्वा बोलायला पुढं झाल्या, पण चन्नाप्पांनी त्यांना हातानं थांबवलं.

"काल रातभर त्योच इचार केला," ते म्हणाले. "तुझं बरोबर हाय. मला ऐकू येत न्हाई. आणि ते मी मान्य करत न्हवतो." त्यांनी खिशातून माझी किल्ली काढून संगमेशच्या हातावर ठेवली. "माझ्या कानाचं काय ते डॉक्टरला इचारू. त्यो जोवर हो म्हणत न्हाई, तोवर मी इष्टेरिंगला हात लावणार न्हाई. पर गाडी इकायची न्हाई. तिनं काय केलंय? ती बिचारी ओरडून सांगत हुती."

मित्रांनो, माझी पुष्कळांनी स्तुती केली आहे. पण असं कौतुक दुसरं झालं नाही. आणि स्वतःच्या हातानं किल्ली देणाऱ्या माझ्या मालकाचा मला जितका अभिमान वाटला, तितका कुठल्याही चढावर स्वतःचा वाटला नव्हता. संगमेशनं किल्ली खिशात ठेवली. मग शर्टाच्या बाह्या दुमडून म्हणाला, "सांगा सयाजीकाका, काय धरू?"

सयाजींनी घाई केली नाही. दांड्याचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं सैल केले. जुने हात उतरवले. खालच्या काठ्या काढून जिथल्या तिथं लागाव्यात म्हणून ओळीनं मांडल्या. त्या सरळ आहेत का, ते काचेवर फिरवून पाहिलं. बुजलेलं भोक तारेनं आणि हवेनं साफ केलं, तेव्हा काळा चिकट गाळ बाहेर आला. मग नवा दांडा आणि नवे हात तेलात भिजवून बसवले आणि बोल्ट पुन्हा तसेच बेताबेतानं आवळले. शेवटी हात आणि झडप यांच्यामध्ये पातळ लोखंडी पत्री घालून अंतर जुळवायचं होतं. पत्री फार सैल नको, फार घट्ट नको. ते काम चन्नाप्पांनी मागून घेतलं.

"ह्याला कान लागत न्हाईत, बोटं लागत्यात," ते म्हणाले.

एकेक झडप त्यांनी जुळवली. झाकण बसलं, नवं तेल भरलं. संगमेशनं किल्ली फिरवली. मी पहिल्याच फेऱ्यात सुरू झाले. वरपर्यंत तेल पोचलं आणि सगळे हात एका तालात हलू लागले. आजारपणातून उठल्यावर पहिला पोटभर श्वास घ्यावा, तसं मला वाटलं. चन्नाप्पांनी झाकणावर तळवा ठेवला. "थरथर गेली," ते म्हणाले.

या वेळी माझ्या हौद्यात माल नव्हता. पुढंच तिघंजण दाटीवाटीनं बसले आणि आम्ही कोल्हापूरला गेलो. कानाच्या डॉक्टरांकडं एक-दोन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला चन्नाप्पा बाहेर आले, तेव्हा त्यांच्या कानामागं लहानसं यंत्र होतं. ते अवघडलेले दिसत होते. रस्त्यावरची रिक्षा, भाजीवाला, कावळा, सगळ्यांकडं ते दचकून बघत होते. संगमेशनं मला सुरू केलं.

चन्नाप्पा जागीच थांबले. मग त्यांनी डोळे मिटले.

"एवढं बोलतीस व्हय गं तू?" ते मला म्हणाले.

परतताना रत्नव्वा खिडकीकडं तोंड करून, स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर आमटी कशाची करू?"

"कटाची कर," चन्नाप्पांनी समोर बघतच सांगितलं.

रत्नव्वांनी खिडकीकडचं तोंड वळवलं नाही. पण आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर चन्नाप्पांनी पुन्हा माझी किल्ली घेतली. संगमेशनंच ती त्यांना दिली. आता मी पुन्हा पूर्वीसारखी माल वाहते. रत्नव्वांना यायची गरज उरलेली नाही, तरी त्या येतात. त्यांना फिरायची गोडी लागली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, पंखा असेल, शिलाई मशीन असेल. त्यातून नवा आवाज आला, तर आवाज मोठा होण्याची वाट पाहू नका. वेळेवर तेल घाला, उघडून बघा, झिजलेलं बदला. आम्हाला तेवढंच लागतं. आणि घरातलं एखादं मोठं माणूस सारखं "काय? काय म्हणालास?" असं विचारत असेल, तर त्याच्यावर चिडू नका, हसूही नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडं जा. आपल्याला ऐकू येत नाही, असं ते स्वतःहून कधीच म्हणणार नाही.

आज मला कोल्हापूरपलीकडच्या मलकापूरला जायचं आहे. तिथल्या एका शाळेनं नवे बाक घेतले आहेत आणि ते पोचवायचे आहेत. दोर आवळून झाले, रत्नव्वा डबा घेऊन वर चढल्या आहेत. वाटेत घाट आहे. असू दे. मी पिकअप आहे, चढ माझ्यासाठीच असतात.