‘हाय’चं ‘आहे’

शाळेचा वार्षिक अंक अकरावीतल्या पंकजाने मान मोडून कॉम्प्युटरवर सजवला होता. आता फाइल संगमनेरच्या छापखान्यात पाठवायची, तर दहातोंडे सरांच्या शुद्धलेखनाला नेमका हाच मुहूर्त सापडला.

“मुलांच्या गोष्टींत जिकडेतिकडे ‘हाय’! ही काय भाषा झाली?”

पंकजा ‘सर, थांबा’ म्हणेपर्यंत त्यांनी एका झटक्यात सगळ्या अंकातल्या ‘हाय’चं ‘आहे’ केलं आणि फाइल पाठवूनही दिली.

दुपारी छापखान्यातून नमुना आला. पहिल्याच पानावर हायस्कूलचं झालं होतं ‘आहेस्कूल’, आणि सहायक शिक्षक दहातोंडे सर झाले होते ‘सआहेक शिक्षक’. पंकजाचं डोकंच सणकलं.

सर पानाकडे बघतच राहिले. “आगं पंकजा, ह्ये काय हाय?”

“‘आहे’ म्हणायचं, सर!”