सतराव्या वळणावरचा वारा

सायकलच्या मीटरवरची पट्टी एका कोपऱ्यात सुटायला लागली होती — पांढरी, जखमेवर लावतात ती — आणि हँडलवर टपकणारा घाम तिच्याखाली शिरत होता. तिच्याखाली आकडे होते. किती किलोमीटर झाले, किती वेगानं चाललोय… चाललोय कसलं, रांगतोय… सगळं त्या बोटभर पट्टीनं झाकलेलं. पायथ्याशी सिस्टरनं ती चिकटवली तेव्हा तो हसला होता. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, पेशंटला स्वतःचा ताप वाचू द्यायचा नाही हा तिचा कायदा. मागच्या वर्षी तू रस्ता बघितलाच नाहीस, नुसते आकडे बघत होतास, एवढंच म्हणाली आणि अंगठ्यानं पट्टी दाबून पुढे निघाली.

मागच्या वर्षी… घ्या, आलंच ते. सकाळपासून तो त्याला बगल देत होता आणि ते आपलं हटकून मागच्या चाकासारखं मागोमाग येत होतं.

एकवीस वळणांचा घाट. प्रत्येक वळणावर चुना फासलेला दगड, त्यावर काळा आकडा. मागच्या वर्षी चौदाव्या दगडापाशी त्याचे पाय गळाले. सिस्टर आणि तिसरा जोडीदार, सुतारकामाचा मिस्त्री, केव्हाच पुढे गेलेले, छाती भात्यासारखी चाललेली, आणि तो दगडावर बसून राहिला, आणि कोबीनं भरलेला एक ट्रक वर येताना दिसला, आणि त्यानं हात केला. इतकं साधं होतं ते. सायकल कोबीच्या ढिगावर आडवी, तो ड्रायव्हरशेजारी डोळे मिटून. माथ्याच्या जरा अलीकडे उतरला तर समोर मिस्त्री उभा. मिस्त्रीनं ट्रककडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि आपल्या बाटलीतलं उरलंसुरलं पाणी त्याच्या डोक्यावर आणि शर्टावर ओतलं. मग माथ्यावरच्या पाटीखाली तिघांचा फोटो निघाला आणि पलीकडच्या उतारानं ते घरी आले. फोटोत तो घामानं नुसता निथळतोय.

तो फोटो आता दुकानात आहे. चष्म्याचं दुकान, बारा बाय दहाचं. मागं तो भिंगं घासतो, पुढं बायको गिऱ्हाइकांचे नंबर लिहून घेते. अक्षरांच्या तक्त्याशेजारी तिनंच तो लावून घेतला. नंबर काढायला आलेला माणूस अक्षरं सोडून आधी फोटोच वाचतो, मग विचारतो, आणि मग त्याला सांगावं लागतं. आधी दोनच वाक्यं सांगायचा. पण थाप एकदा मारली की तिला खायला घालावं लागतं. पंधराव्या वळणावर त्यानं एक झरा काढला. एकोणिसाव्यावर मागे लागणारा कुत्रा. आणि सतराव्यावर वारा — असला वारा की सायकल उचलून दरीत टाकेल, की दात घट्ट आवळून हँडलवर आडवं पडावं लागलं… बायको वहीतून मान वर करून म्हणायची, 'अहो, यांना सतराव्या वळणाचं सांगा ना.' आणि तो सांगायचा. वर्षभर सांगत आला. भिंगाचा नंबर केसभर चुकला तर झोप न लागणारा माणूस!

तर आजचा सगळा खटाटोप एवढ्याचसाठी होता. पायांनी माथा गाठायचा. गाठला की तो फोटो खरा होईल, उशिरा का होईना, आणि मग बायकोच्या तोंडाकडे बघून वारा सांगता येईल. नाही गाठला तर… त्यापुढे तो विचार करत नव्हता.

बारा. तेरा. खाली नदी दोऱ्याएवढी झालेली, पलीकडच्या डोंगरावर ढगाची सावली संथपणे चढत होती, त्याच्यापेक्षा नक्कीच जोरात. चौदावा दगड आला तेव्हा त्याची मान आपोआप खाली गेली, ओळखीच्या सावकारासमोरून जावं तशी. पाय थरथरले. थांबले मात्र नाहीत. दगड मागे पडला, आणि तो इतका चकित झाला की आनंद व्हायचाच राहून गेला.

पंधराव्यावर झरा नव्हता. कोरडी ठणठणीत भिंत आणि एक फुटका सिमेंटचा पाइप. त्याला उगाच फसवल्यासारखं वाटलं. वर्षभर इथं पाणी वाहत होतं, तो ते ओंजळीनं प्यायलासुद्धा होता, गार होतं…

मागून हॉर्न वाजला. तो कडेला सरला, एक ट्रक धूर सोडत गेला, आणि त्या धुरात त्याला सकाळचं ते वाक्य ऐकू आलं. सकाळी ऐकलं होतं, पण कानाबाहेरच राहिलं होतं. बायको दारात बाटलीचं झाकण आवळत होती. 'दमलात तर उतरा हो. ट्रक असतात त्या रस्त्याला.'

ट्रक असतात. हिला कोणी सांगितलं? मी तर कधी… झरा सांगितला, कुत्रा सांगितला, ट्रक कधीच नाही. पाय फिरत होते आणि डोकं मागे मागे जात होतं. मागच्या वर्षी घरी पोचलो त्या संध्याकाळी तिनं सायकल पुसायला घेतली होती. मागच्या चाकाच्या तारांत कोबीचं एक पान अडकलं होतं. ती म्हणाली, हे कुठून आलं? मी म्हणालो, कुठून तरी उडून आलं असेल. तिनं पान नीट सोडवलं, कचऱ्यात टाकलं आणि म्हणाली, वारा बराच असेल हो मग. म्हणजे तो वारा तिथूनच आला! माझा नव्हताच तो, तिनंच दिला होता. आणि मग वर्षभर, सांगा ना सतराव्याचं, सांगा ना… मला वाटायचं, कौतुकानं विचारते. अरे गाढवा, कौतुकानंच विचारत होती. सगळं ठाऊक असून. पितळ तर पहिल्याच दिवशी उघडं पडलं होतं, आणि तिनं ते घासूनपुसून फळीवर मांडून ठेवलं होतं, मला लखलखीत दिसावं म्हणून.

त्याचे डोळे भरून आले. शरम होतीच, पण तिच्याबद्दल माया दाटून येत होती. कोणी आपल्याला इतकं सांभाळून घेतं आणि आपल्याला पत्ता नसतो. उगाच नशिबाला नावं ठेवत भिंगं घासत बसतो माणूस.

सतरावं वळण आलं. वाऱ्याचा मागमूस नव्हता. ऊन स्वच्छ पसरलेलं, कठड्याच्या फटींतून बारीक पिवळी फुलं उगवलेली, एकही हलत नव्हतं. तापलेल्या गवताचा वास. दरी इतकी खोल आणि इतकी शांत की त्याला आपल्या चेनचा आवाज परका वाटला. हे सगळं इथं होतं तर. इतकं चांगलं होतं, आणि मी इथं वादळ उठवून बसलो होतो.

एकोणिसाव्यानंतर उजव्या पोटरीत गोळा आला आणि त्याला उतरावंच लागलं. तो सायकल ढकलत चालू लागला. विसाव्या दगडापाशी दोघं थांबली होती. सिस्टरनं खाली बसून पोटरी दाबून बघितली, ढकलत चालशील तर सुटेल म्हणाली आणि आपली सायकल घेऊन पायीच पुढे झाली. मिस्त्रीही उतरून त्याच्या शेजारून चालू लागला.

"मिस्त्री, घरी सगळं माहीत आहे."

"असणारच."

"तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? फ्रेम करायला सांगायला आली तेव्हा म्हणाली, मागची फळी ठोकू नका. पितळी पट्ट्या लावा, फिरवल्या की निघेल अशा. मी विचारलं नाही का ते."

तो थांबला. फ्रेम मिस्त्रीनंच आणली होती, सागवानी, चारही कोपरे बेमालूम जुळवलेले. स्वतः खुर्चीवर चढून, पाणसळ लावून बायकोनं दाखवलेल्या जागी टांगली होती. तिरकी दिसायला नको, म्हणाला होता. वर्षभर तो तिच्यावरची धूळ पुसत आला आणि एकदाही ती उलटी करून बघितली नाही. कधी खरा फोटो निघालाच तर आतला बदलता यावा, म्हणून त्या पट्ट्या.

"चल भिंग्या," मिस्त्री म्हणाला. "सायकलवर बसतोस का चालतोस? मला दोन्ही चालेल."

त्यानं पोटरी चाचपली. गोळा थोडा विरला होता, की तसं वाटत होतं, कळत नव्हतं. पुढे रस्ता वळून खडकाआड गेला होता. माथा तिथून जवळ होता का लांब, हे त्याला सांगता आलं नसतं, आणि मीटरवरची पट्टी अजून तीन कोपऱ्यांनी धरून होती. गंमत म्हणजे त्याला माथ्याची घाई नव्हती. घराची होती. दुकान बंद करायच्या वेळेला पोचावं, ती वही मिटत असेल, तिच्यासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसावं आणि सांगावं. पंधराव्यावर फुटका पाइप आहे गं. एकोणिसाव्यानंतर मी चालत गेलो. सतराव्यावर बारीक पिवळी फुलं आहेत… आणि वारा… तो इथं अडला. वारा नाहीच तिथं, हे तिला कसं सांगायचं? तिचा होता तो. तिला तो फार आवडायचा.

त्यानं टांग टाकून सीटवर बसून बघितलं.